ब्रॅट
ब्रॅट : इंग्रजीतील अनौपचारिक, बहुधा तुच्छतादर्शक नाम. फाजील लाडाने बिघडलेले, उर्मट, हट्टी मूल. लक्षणेने तसे वागणारी प्रौढ व्यक्तीही. विशेषण : ब्रॅटी. लिखित वापर सोळाव्या शतकापासून. व्युत्पत्ती अनिश्चित, जाडेभरडे वस्त्र या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाशी काही अभ्यासक संबंध जोडतात. आरंभी रोख भिकाऱ्यांच्या पोरांवर असे. मराठीत जवळचे शब्द : कार्टे, वांड, लाडोबा.

टेनिस : हा शब्द गाजला तो अमेरिकन खेळाडू जॉन मॅकेन्रो (जन्म १९५९) याच्यामुळे. ब्रिटिश वृत्तपत्रांनी त्याला ‘सुपरब्रॅट’ ठरवले. १९८१ च्या विम्बल्डनमध्ये टॉम गलिक्सनविरुद्धच्या पहिल्याच फेरीत पंच एडवर्ड जेम्स यांच्याशी त्याने कडाक्याचा वाद घातला, दंडही भरला. त्याच स्पर्धेत सलग पाच वेळच्या विजेत्या ब्यॉन बोर्गला त्याने हरवले. तरी विजेत्याला रिवाजाने मिळणारे आयोजक क्लबचे मानद सदस्यत्व त्या वर्षी त्याला नाकारण्यात आले. जानेवारी १९९० मध्ये मेलबर्नला मिकाएल पेर्नफोर्सविरुद्ध खेळताना गैरवर्तनाबद्दल तो सामन्यातून बाद झाला. ताकीद, गुणदंड आणि मग थेट हकालपट्टी हा बदललेला नियम त्याच्या ध्यानात नव्हता. पंचांना केलेली शिवीगाळ असमर्थनीयच. मात्र त्याचे बरेचसे वाद चेंडू रेषेवर पडला की बाहेर याबद्दलचे होते, हे टीकाकार सोयीने विसरले. विम्बल्डनने २०२५ पासून हा निवाडा यंत्राकडे सोपवून रेषापंचांची प्रथाच बंद केली.

मिलिटरी ब्रॅट : अमेरिकेत सैनिकांच्या, पालकांच्या बदल्यांबरोबर छावणी-छावणीत वाढलेल्या मुलांना उद्देशून. येथे निंदा नाही. ही मुले मोठेपणीही स्वतःसाठी हा शब्द अभिमानाने वापरतात. मॅकेन्रोचा जन्मही वडील अमेरिकन हवाई दलात असताना पश्चिम जर्मनीतील वीसबाडेन येथे झाला.

चित्रपट : ‘ब्रॅट पॅक’, हॉलिवूडमधील तरुण नटांचा गट. पत्रकार डेव्हिड ब्लम यांच्या १९८५ च्या लेखातून रूढ. संबंधितांपैकी अनेकांना हा शिक्का जाचला.

संगीत : ब्रिटिश गायिका चार्ली एक्ससीएक्स हिचा ‘ब्रॅट’ हा गीतसंग्रह ७ जून २०२४ रोजी आला. त्यानंतर बेधडक, स्वच्छंद, मौजप्रिय वृत्ती असा नवा अर्थ तरुणांत पसरला. कॉलिन्स शब्दकोशाने २०२४ सालचा शब्द म्हणून त्याची निवड केली.