पेठेतील सुवार्ता
१८३७ साली लंडन मिशनचे बेंजामिन राइस बंगळुरास आले. पेठेतल्या माणसाला सुवार्ता इंग्रजीत सांगून काय उपयोग? त्यांनी कन्नड आत्मसात केली आणि १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिचीच सेवा घेतली. गोमंतकात फादर स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले, वाट तीच. राइस यांचे किती अनुयायी झाले, हा हिशेब मला गौण वाटतो. पुत्र लुईस यांनी म्हैसूर राज्यातील सुमारे ९,००० शिलालेख प्रसिद्ध केले. दुसरे पुत्र एडवर्ड यांनी कन्नड वाङ्मयाचा इतिहास लिहिला. सांगावयास आलेले घराणे असे ऐकावयास बसले. अव्हेन्यू रोडवर राइस यांच्या नावाचे चर्च आजही उभे आहे.