बोरी नदीवरचा पूल

पावसाळ्यात आपल्याकडच्या कितीतरी बायका लेकराबाळांना घेऊन नळदुर्गला जातात. किल्ल्यातल्या बांधावरून बोरी नदी नर-मादी धबधब्यांनी कोसळते, बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. फोटो निघतात, डबे सुटतात. पण याच बोरीवरच्या पुलाची गोष्ट तिथं फारसं कुणी सांगत नाही.

१३ सप्टेंबर १९४८. भाद्रपदाचे दिवस, निजामाचं राज्य अजून उभं. सोलापूरहून हैदराबादची रेल्वे वाडीवरून वळसा घेते. सरळ जाते ती सडक, नळदुर्ग-उमरग्यावरून. मेजर जनरल चौधरींची मुख्य फौज याच सडकेनं निघाली. निजामाच्या सैनिकांनी पूल उडवला असता तर रणगाडे अलीकडेच अडकले असते. पण आपले जवान इतक्या झपाट्यानं आले की पूल शाबूत हाती लागला. मग शीख पलटणीनं नळदुर्गच्या ठाण्यावर चाल केली. सकाळी नऊला रणगाडे जळकोटला पोचले (नळदुर्गजवळचं जळकोट, लातूर जिल्ह्यातलं नव्हे) आणि दुपारी सव्वातीनला तुकडी उमरग्यात.

पुलाची किंमत त्याच दिवशी तुळजापूरकडे कळली. तिथं दोन तास लढून दुसरी तुकडी लोहाऱ्याकडे वळली, तर वाटेत नदीला पूर! फौज काठावरच थांबली. माहेरी जाताना ओढ्याकाठी तासन्‌तास बसलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजाम शरण आला. रझाकारांनी गावं लुटली, जाळली, हे आपण आजीकडून ऐकलंय. त्यानंतरचं मात्र घरात हळू आवाजात बोललं जातं. फौज आली आणि सूड उगवला गेला तो साध्यासुध्या मुसलमान घरांवर. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच. तो अहवाल कित्येक वर्षं दडूनच राहिला. पूल वाचला, तो ओलांडून स्वातंत्र्य आलं, आणि कित्येक घरांत त्याच महिन्यात बाया विधवा झाल्या. दोन्ही खरं आहे.

तुमच्या गल्लीत नव्वदीची आजी असेल, कुठल्याही धर्माची, तर तिच्याजवळ बसा आणि विचारा, ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी तुम्ही कुठं होतात?’