'किंग्ज इंडियन'मधला 'इंडियन' कोण? शह-काटशहाचा विसरलेला इतिहास

मंडळी, आपल्याकडं राजकारणावर बोलताना बुद्धिबळाशिवाय पान हलत नाही. अमक्यानं तमक्याला शह दिला, त्यानं काटशह दिला, कुणीतरी प्यादं पुढं केलं, वजीर मागंच राहिला. आमचं रेणापूर तर अनेक वर्षं विधानसभेचा मतदारसंघ होतं. 2009 च्या निवडणुकीपासून त्या नावाचा मतदारसंघ राहिला नाही, पण शह-काटशहाची भाषा काही गेली नाही. आज मात्र राजकारण बाजूला ठेवून खऱ्या पटावरच्या एका काटशहाबद्दल लिहितोय. विषय जरा लांबचा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. आपल्याशी त्याचा संबंध आहे.

हल्ली लेकरं मोबाईलवर बुद्धिबळ शिकतात. काळ्या सोंगट्या घेऊन खेळताना काय करायचं असं विचारलं, की 'किंग्ज इंडियन', 'ग्रुनफेल्ड', 'निम्झो इंडियन' अशी नावं धडाधड सांगतात. यातलं 'इंडियन' कुठून आलं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आधी हा बचाव काय आहे ते बघू. पटाच्या मधल्या चार घरांवर आपली प्यादी बसवायची, ही जुनी शिकवण. किंग्ज इंडियनमध्ये काळा खेळाडू पहिल्या काही चालींत ते करतच नाही. तो राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढतो, त्याच बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवतो आणि मोकळ्या झालेल्या घरात उंट बसवतो. वजिरापुढचं प्यादंही एकच घर पुढं. मग कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात. पांढरा मधे तीन-चार प्यादी घेऊन ऐसपैस बसतो आणि त्याला वाटतं, मैदान मारलं. तिकडं कोपऱ्यातला उंट लांबच्या तिरक्या रेघेवरून मध्यावर नजर ठेवून असतो. वेळ आली की काळा एक प्यादं पुढं ढकलतो, आणि पांढऱ्यानं ऐटीत उभं केलेलं मधलं बांधकाम त्यालाच सांभाळावं लागतं.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपात रेटी, निम्झोविच, ग्रुनफेल्ड, तार्ताकोव्हर अशा खेळाडूंनी हा विचार जोरात मांडला. 1922 मध्ये व्हिएन्नात ग्रुनफेल्डनं आपल्या बचावानं पुढं जगज्जेता झालेल्या अलेखाइनला हरवलं. 1924 मध्ये न्यूयॉर्कला रेटीनं कापाब्लांकाला हरवलं, जो तोवर आठ वर्षं हरला नव्हता. तार्ताकोव्हरनं या पंथाला नाव दिलं 'हायपरमॉडर्न', म्हणजे आधुनिकाच्याही पुढचं. आणि अशा बचावांना 'इंडियन' म्हणायची पद्धतही त्यानंच रुळवली.

गंमत बघा. आधुनिकाच्या पुढचं म्हणायचं आणि नाव द्यायचं एका जुन्या देशाचं!

याचं उत्तर कलकत्त्यात सापडतं. जॉन कॉक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर तिथं वकिली करायचा. तो त्या काळातला नावाजलेला खेळाडू होता. 1848 च्या सुमारास त्याच्या कानावर आलं, की गावाकडं एक ब्राह्मण आहे, त्याला कुणी हरवू शकत नाही. त्याचं नाव महेशचंद्र बंदोपाध्याय. दोघांची गाठ पडली आणि पुढं वर्षानुवर्षं डाव रंगले. कॉक्रन बलवान होता, बरेच डाव त्यानं जिंकले. पण महेशचंद्र काळ्या सोंगट्या घेऊन जे खेळायचे, ते युरोपला विचित्र वाटायचं: प्यादी एकेक घर, उंट कोपऱ्यात, मध्यावर दुरून मारा. 1855 च्या एका डावात तर महेशचंद्रांनी तोच बचाव खेळला, ज्याला आज आपण ग्रुनफेल्डचं नाव देतो. खुद्द ग्रुनफेल्ड तेव्हा जन्मलाही नव्हता.

आता कुणीतरी लगेच म्हणेल, हा तर आपला गनिमी कावा! थांबा. ऐकायला गोड आहे, पण खरं कारण त्याहून साधं आहे. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही बहुतेक एकच घर पुढं जायचं. दोन घरांची उडी हा युरोपचा नियम. आजचं कॅसलिंगही आपल्याकडं नव्हतं. राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्याची चाल खेळता यायची. प्यादी हळू चालली की डावाच्या सुरुवातीला मारामारी होत नाही. आधी घर बांधायचं, सोंगट्या आतून रचायच्या, मग भिडायचं. महेशचंद्रांच्या हाताला हेच वळण होतं. युरोपचे नियम शिकल्यावरही ते गेलं नाही, आणि त्यातून बुद्धिबळाला नवी वाट मिळाली. कोपऱ्यातला उंट युरोपला अगदीच अनोळखी नव्हता. पण तिथं त्याला दुय्यम मानायचे.

माझा मुद्दा इथून पुढं आहे. महेशचंद्रांचे डाव आज आपल्याला का माहीत आहेत? ते मोठे खेळाडू होते म्हणून नाही. कॉक्रननं ते लिहून ठेवले आणि त्यातले काही छापून आले, म्हणून. त्यांच्या आधी आणि नंतर गावोगाव किती तरबेज खेळाडू होऊन गेले असतील. त्यांच्या शेजारी वही घेऊन बसणारं कुणी नव्हतं, एवढाच फरक.

पंजाबच्या मीर सुलतान खानचंही तेच. तो देशी नियमांवर वाढला, 1929 मध्ये इंग्लंडला गेला, 1929, 1932 आणि 1933 असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला, कापाब्लांकालाही हरवलं. त्याचे तिकडचे डाव जगाकडं आहेत, कारण स्पर्धेत ते लिहावेच लागायचे. ग्रँडमास्टर ही मानद पदवी त्याला मिळाली 2024 मध्ये, मरणानंतर 58 वर्षांनी.

आपल्याकडं लिहायची परंपराच नव्हती असंही नाही. आपल्या मराठवाड्यातल्या पैठणचं भट्ट घराणं काशीला जाऊन स्थायिक झालं. त्याच घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा ग्रंथ लिहिला. त्यातला 'व्यवहारमयूख' पुढं मुंबई हायकोर्टात हिंदू कायद्यासाठी आधार म्हणून चालला. त्याच ग्रंथाच्या 'नीतिमयूखा'त बुद्धिबळाचे नियमही आहेत. 1814 मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळावरचं संस्कृत पुस्तक इंग्रजीत होऊन मुंबईत छापलं गेलं. म्हणजे शास्त्र लिहिलं गेलं, नियम लिहिले गेले. कोण कुणाशी कसं खेळलं, ते मात्र पारावरच विरून गेलं.

पुढं चित्र बदललं. 1955 ला एलुरू इथं पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, त्यात रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. खाडिलकर भगिनींनी महिला बुद्धिबळ गाजवलं. 1997 मध्ये प्रवीण ठिपसे ग्रँडमास्टर झाले. 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला. यांच्या कामगिरीची नोंद आहे, म्हणून उद्याची पोरगी त्यांचे डाव उघडून शिकू शकते.

आता लातूर पॅटर्नच्या लेकरांसाठी एक गोष्ट. किंग्ज इंडियनच्या पंधरा चाली पाठ करून काही होत नाही. समोरच्यानं सोळावी चाल वेगळी खेळली की पाठांतर संपलं. प्रत्येक चालीला दोनच प्रश्न विचारा: मधल्या घरांवर माझा जोर कुठून येतोय, आणि समोरच्याचं मधलं प्यादं मी कधी फोडणार? महेशचंद्रांकडं यातलं एकही पुस्तक नव्हतं. त्यांना चाल पाठ नव्हती, तिचं कारण माहीत होतं.

आणि मोठ्यांसाठी एक विनंती. देशी पद्धतीनं खेळलेली पिढी आता थकत चालली आहे. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचं काय व्हायचं, वजिरानं मात करण्यापेक्षा प्यादेमातीचा मान मोठा का, एकटा राजा उरला तर डाव कसा धरायचे, हे गावागणिक थोडं थोडं वेगळं होतं. तुमच्या घरात, गल्लीत कुणी आजोबा असतील तर पट मांडून त्यांच्यासमोर बसा. विचारा आणि लिहून घ्या. शाळेच्या वहीची दोन पानं पुरतात. तालुक्याच्या वाचनालयानं अशा वह्या जमा करायला फार खर्च येत नाही.

'इंडियन' हे नाव जगाच्या पुस्तकात टिकलं, कारण कलकत्त्यात एका वकिलानं वही ठेवली होती. आपल्या गावच्या डावांसाठी वही आपणच ठेवायला पाहिजे.