फौज नसलेल्या मध्यस्थाची बाजू

पोपपाशी फौज किती, हा स्टालिनचा प्रश्न आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या चर्चेत इतक्या वेळा फेकला गेला आहे की आता तो प्रश्न राहिलेला नाही. तो निकाल झाला आहे. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री पिएर लाव्हाल १९३५ साली मॉस्कोत गेले असता स्टालिनने तो विचारल्याची हकिगत चर्चिलने नोंदवली आहे. तेव्हापासून कॅथलिक ख्रिस्तसभेचे परराष्ट्रकारण म्हणजे सद्भावनेचा सोहळा, आणि तिची सामाजिक न्यायाची भाषा म्हणजे प्रवचन, असे मानणे शहाणपणाचे लक्षण समजले जाते. हे मत खोटे आहे, असे माझे म्हणणे आहे. निवाडा वाचकाने करावा; मात्र दोन्ही बाजू ऐकून करावा.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण ताकदीनिशी.

व्हॅटिकनचे राज्य अवघ्या ४४ हेक्टरांचे. संयुक्त राष्ट्रांत त्याचे स्थान १९६४ पासून कायम निरीक्षकाचे. मतदानाचा अधिकार नाही. पोप पंधराव्या बेनेडिक्टने ऑगस्ट १९१७ मध्ये लढणाऱ्या राष्ट्रांना शांततेचा मसुदा पाठवला. कोणी ऐकले? मार्च २००३ मध्ये दुसऱ्या जॉन पॉलने कार्डिनल पिओ लागी यांना वॉशिंग्टनला धाडले. त्याच महिन्यात इराकवर बाँब पडले. म्हणजे पोपचे शब्द बलवानांना अडवत नाहीत. जिथे यश आल्याचे सांगितले जाते तिथेही खरे काम दुसऱ्याच कारणांनी केलेले असते, असा या पक्षाचा दुसरा मुद्दा. तिसरा सर्वांत जड आहे: शांततेसाठी हुकूमशहांच्या शेजारी बसणाऱ्या या मुत्सद्देगिरीची किंमत न्यायाला मोजावी लागते. अर्जेंटिनाचे उदाहरण ठेवले जाते, आणि ते भयंकर आहे. लष्करी राजवटीत हजारो माणसे बेपत्ता होत असताना तिथले बहुसंख्य बिशप गप्प राहिले. क्रिस्तिआन फॉन वेर्निख नावाच्या पोलीस-धर्मगुरूला छळात आणि खुनांत सहभागी असल्याबद्दल २००७ साली जन्मठेप झाली.

हा पक्ष पोरकट नाही. म्हणून त्याला उत्तर देताना सोपी मैदाने मी निवडणार नाही. पोलंडमधली कम्युनिस्ट राजवट कोसळल्याचा दाखला मी मुद्दाम बाजूला ठेवतो. तिथे कामगार संघटना, गोर्बाचेव्ह, कर्जबाजारी अर्थव्यवस्था अशी इतकी कारणे एकत्र आली की कोणाचे श्रेय किती यावर वाद संपणार नाही. आपण थेट अर्जेंटिना आणि चिलीतच जाऊ. प्रतिपक्षाचे साक्षीदार जिथे राहतात, तिथेच त्यांची उलटतपासणी व्हावी.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी बीगल नावाचा जलमार्ग आहे. त्याच्या पूर्व मुखावर पिक्टन, नुएव्हा आणि लेनॉक्स ही तीन बेटे. बेटांवर वस्ती जवळजवळ नव्हती, पण ती ज्याची, त्याला दक्षिण अटलांटिकच्या समुद्रावर हक्क सांगता येणार होता. १८८१ च्या सीमा-तहाचा अर्थ दोन्ही देश आपापल्या परीने लावत आले होते. अखेर १९७१ मध्ये दोघांनी प्रकरण लवादाकडे सोपवले. निवाडा ब्रिटिश राजमुकुटाच्या नावे व्हायचा होता, तरी न्यायासनावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे पाच न्यायाधीश होते. जगात कायद्याला यापेक्षा मोठी प्रतिष्ठा कोणती असू शकते? २ मे १९७७ रोजी निकाल जाहीर झाला: बेटे चिलीची. २५ जानेवारी १९७८ रोजी अर्जेंटिनाच्या लष्करी सरकारने तो रद्दबातल असल्याचे घोषित केले. कायदा संपला.

मग फौजांची पाळी आली. एकीकडे अर्जेंटिनाचा विदेला, दुसरीकडे चिलीचा पिनोचेत, दोघेही लष्करशहा. अर्जेंटिनाने हल्ल्याची योजना आखली आणि २२ डिसेंबर १९७८ हा दिवस ठरवला. आरमार समुद्रात उतरले होते. त्याच दिवशी दुसऱ्या जॉन पॉलने आपण वैयक्तिक दूत पाठवत असल्याचे दोन्ही सरकारांना कळवले. त्यांना पोप होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. आदेश फिरला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ७३ वर्षांचे कार्डिनल अंतोनियो सामोरे ब्युनोस आयरेसला उतरले आणि दोन राजधान्यांमध्ये त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. ८ जानेवारी १९७९ रोजी माँटेव्हिडिओत दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी सह्या केल्या: पोपची मध्यस्थी मान्य, बळाचा वापर नाही, आणि सैन्ये हळूहळू १९७७ च्या सुरुवातीच्या स्थितीवर परत.

यावर प्रतिपक्ष म्हणतो, आरमार वादळाने थांबवले. समुद्र त्या दिवसांत खवळला होता, हे खरेच आहे. पण वादळ दिवस-दोन दिवस टिकते. बीगलची शांतता सहा वर्षे वाटाघाटींत टिकली आणि त्यानंतर तहात. हवामानाने माँटेव्हिडिओच्या कागदावर सही केली नाही.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिना हरली, लष्करी राजवट कोसळली, डिसेंबर १९८३ मध्ये आल्फोन्सिन लोकांनी निवडलेले अध्यक्ष झाले, आणि म्हणून तह झाला. पोपचे त्यात काय? यातले अर्धे मी निःसंकोच मान्य करतो. अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी पोपचा प्रस्ताव स्वीकारला नव्हता. १२ डिसेंबर १९८० रोजी तो दोन्ही पक्षांना देण्यात आला. चिलीने होकार दिला, अर्जेंटिनाने टोलवाटोलवी केली. परंतु आल्फोन्सिन सत्तेवर आले तेव्हा त्यांना कोरी पाटी मिळाली नाही. बेटे चिलीकडे, अटलांटिकच्या बाजूचा समुद्र मुख्यतः अर्जेंटिनाकडे, ही तडजोडीची दिशा त्या मध्यस्थीतून आधीच पुढे आली होती. नव्या सरकारने प्रश्न जनतेपुढे ठेवला. नोव्हेंबर १९८४ च्या सार्वमतात ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला आणि २९ नोव्हेंबरला व्हॅटिकनमध्ये तहावर सह्या झाल्या. पराभवाने सत्ता बदलली, हे कबूल. पण पराभवाने तह लिहिला का? तो लिहिण्यासाठी कोणी तरी सहा वर्षे टेबलापाशी बसावे लागते. सामोरे तर तह पाहायलाही उरले नाहीत. फेब्रुवारी १९८३ मध्ये ते वारले. अँडीजमधली दोन्ही देशांना जोडणारी एक खिंड आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाच न्यायाधीशांचा निवाडा धुडकावणारे सरकार एका वृद्ध कार्डिनलसाठी का थांबले? प्रतिपक्षाला याचे उत्तर सापडत नाही, कारण त्याच्या हिशेबात सामर्थ्य म्हणजे फक्त दुसऱ्याला दुखवण्याची ताकद. शत्रूपुढे माघार घेणे म्हणजे मानहानी. पोपची विनंती मानणे ही मानहानी नव्हती. शिवाय ब्युनोस आयरेसचे सेनानी स्वतःला ख्रिस्ती संस्कृतीचे रक्षक म्हणवून राज्य करत होते. त्यांच्या अधिकाराचा हा दावाच त्यांना बांधून ठेवत होता. पोपला नकार देणे म्हणजे आपल्याच सिंहासनाचा पाय कापणे. ज्या मध्यस्थाला बेटे नकोत, तेल नको, नाविक तळ नको, त्याच्यावर घरच्या लोकांपुढे संशय घेता येत नाही. फौज नसणे ही इथे उणीव नव्हती. ती पात्रता होती.

आणि हे ४४ हेक्टरांच्या राज्यामुळेही नव्हते. १८७० मध्ये पोपची सत्ता असलेला शेवटचा प्रदेश गेला. व्हॅटिकनचे राज्य १९२९ च्या लॅटरन करारातून जन्मले. मधली ५९ वर्षे पोपपाशी स्वतःची म्हणावी अशी भूमी नव्हती. नेमक्या त्याच काळात, १८८५ मध्ये, कॅरोलाइन बेटांवरून जर्मनी आणि स्पेन यांच्यात पेटले, तेव्हा तेराव्या लिओंना मध्यस्थ करावे ही सूचना बिस्मार्कने केली. हाच बिस्मार्क दहा वर्षांपूर्वी आपल्या देशातल्या कॅथलिकांवर कायद्यांचा वरवंटा फिरवत होता. बेटे स्पेनची, व्यापाराची मोकळीक जर्मनीला, असा तोडगा निघाला. रक्त आणि लोखंडाची भाषा करणारा तो मुत्सद्दी भाबडा होता काय?

मग म्हणतात, हे सारे ख्रिस्ती राष्ट्रांतले. परक्या घरी ही मात्रा चालत नाही. मोझांबिक पाहा. तिथला सत्ताधारी फ्रेलिमो पक्ष १९८९ पर्यंत मार्क्सवादी-लेनिनवादी होता. स्वातंत्र्य मिळताच त्याने मिशनच्या शाळा आणि दवाखाने ताब्यात घेतले होते. रेनामो या बंडखोर संघटनेशी त्याचे यादवी युद्ध १९७७ पासून चालले आणि सुमारे दहा लाख माणसे मेली. वाटाघाटी कुठे झाल्या? रोममध्ये, त्रास्तेव्हेरे भागात, १९६८ साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या सांत एजिदिओ या कॅथलिक समुदायाच्या घरात. मध्यस्थ चार: समुदायाचे संस्थापक आंद्रेआ रिक्कार्दी, धर्मगुरू मात्तेओ झुप्पी, बेइराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्व्हिस आणि इटली सरकारचे प्रतिनिधी मारिओ राफाएल्ली. दोन वर्षांहून अधिक काळ बोलणी चालली; ४ ऑक्टोबर १९९२ रोजी अध्यक्ष शिसानो आणि रेनामोचे धलाकामा यांनी सह्या केल्या. पुढची शस्त्रे गोळा करण्याची आणि निवडणुकीची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांनी उचलली. ते काम या समुदायाच्या आवाक्यातले नव्हतेच. पण बंडखोर नेत्याला समोर बसवून बोलण्याइतका विश्वास कोणत्या बड्या राष्ट्राने कमावला होता? मार्क्सवादी सरकारने ज्यांच्या इमारती घेतल्या, त्यांच्याच घरी ते बोलायला गेले. या एका वाक्यापुढे 'परक्या घरी' हा आक्षेप टिकत नाही.

शब्द हवेत विरतात, या आरोपाचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. डिसेंबर १९६४ मध्ये सहावे पॉल जागतिक युखरिस्त परिषदेसाठी मुंबईत आले. राष्ट्रांनी शस्त्रांवरच्या खर्चातला काही भाग काढून गरिबांसाठी जागतिक निधी उभारावा, असे आवाहन त्यांनी इथून केले. तो निधी त्यांनी मागितला तसा उभा राहिला नाही. प्रतिपक्ष इथे वही मिटतो. पुढचे पान असे आहे: १९६७ च्या विकासविषयक परिपत्रात त्यांनी मुंबईतले आवाहन पुन्हा मांडले, आणि त्याच वर्षी न्याय आणि शांततेसाठी रोममध्ये आयोग स्थापला. त्याच धर्तीचे आयोग देशोदेशी उभे राहिले. ऱ्होडेशियातल्या आयोगाने इयन स्मिथच्या गोऱ्या राजवटीचे अत्याचार नोंदवले. तिच्यावर उघड टीका करणारे बिशप डोनल लॅमाँट यांना १९७७ मध्ये हद्दपार करण्यात आले. देश स्वतंत्र झिंबाब्वे झाला. मग त्याच आयोगाने मुगाबे सरकारच्या सैन्याने माताबेलेलँडमध्ये केलेल्या कत्तलींचा अहवाल १९९७ मध्ये तयार केला. गोऱ्या सत्तेविरुद्ध साक्ष देणारे पुष्कळ होते. दोन्ही सत्तांविरुद्ध साक्ष देणारे किती?

अपयशांबद्दल थोडक्यात. इराकमध्ये मध्यस्थी हरली, असे म्हणणेच चूक आहे. तिथे मध्यस्थी झालीच नाही. मध्यस्थाला बाहेर पडण्याची वाट शोधणारे दोन पक्ष लागतात. २००३ मध्ये एका पक्षाचा निर्णय आधीच झाला होता. सुरक्षा परिषदेलाही तो बदलता आला नाही, आणि परिषद निरर्थक आहे असा निष्कर्ष त्यावरून फारसे कोणी काढत नाही. मग एकट्या पोपसाठी मोजमाप वेगळे का?

उरला न्यायाचा आक्षेप. अर्जेंटिनाच्या बिशपांचे मौन हे लांच्छन आहे आणि मी त्याचे समर्थन करणार नाही. पण त्या ख्रिस्तसभेत ला रिओहाचे बिशप एन्रिके आंखेलेल्लीही होते. गरीब शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या या बिशपांचा ४ ऑगस्ट १९७६ रोजी रस्त्यावर मृत्यू झाला. सरकार त्याला अपघात म्हणत राहिले. २०१४ मध्ये न्यायालयाने तो खून ठरवून दोन लष्करी अधिकाऱ्यांना शिक्षा दिली. मौन पाळणाऱ्यांनी आपल्या धर्माची शिकवण सोडली होती. शिकवण पाळणारा मारला गेला.

आणि सीमेपलीकडे? सांतियागोत कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी जानेवारी १९७६ मध्ये 'व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद' हे कार्यालय उघडले. याच कामासाठीची आधीची सर्वपंथीय समिती पिनोचेतच्या दबावाने बंद पडली होती. हे कार्यालय थेट आर्चबिशपांच्या छत्राखाली असल्याने त्याला हात लावणे अवघड होते. तिथले वकील बेपत्ता माणसांसाठी न्यायालयात हजारो अर्ज करत राहिले. न्यायालये ते फेटाळत राहिली. पण प्रत्येक अर्जाची नोंद राहिली, आणि लोकशाही परतल्यावर सत्यशोधन आयोगाचा मोठा आधार हीच दप्तरे ठरली. नोव्हेंबर १९७८ मध्ये लोन्केनच्या चुन्याच्या भट्टीत प्रेते असल्याची खबर ख्रिस्तसभेपर्यंत पोहोचली. धर्मगुरू आणि वकील स्वतः जाऊन खात्री करून आले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. ऑक्टोबर १९७३ मध्ये पोलिसांनी उचलून नेलेल्या १५ जणांचे ते अवशेष होते.

तारखा शेजारी ठेवा. भट्टीतले अवशेष नोव्हेंबरच्या अखेरीस सापडले. हल्ल्याची तारीख २२ डिसेंबर. बेपत्तांचा पहिला निर्विवाद पुरावा पिनोचेतच्या दारात येऊन पडला होता, तेव्हाच सीमेवर युद्ध उभे होते. हुकूमशहांना अशा वेळी युद्ध काय देते, हे नंतर अर्जेंटिनातच दिसले. ३० मार्च १९८२ रोजी लष्करी राजवटीविरुद्ध कामगारांनी ब्युनोस आयरेसमध्ये मोर्चा काढला आणि पोलिसांनी तो झोडपून काढला. तीनच दिवसांनी, फॉकलंड बेटे घेतल्याची बातमी येताच, प्लासा दे मायोच्या चौकात त्याच राजवटीचा जयजयकार झाला. युद्ध चालू असताना सरकारवर खुनाचे आरोप करणाऱ्याला देशद्रोही ठरवायला किती वेळ लागतो? १९७८ च्या मध्यस्थीत ज्यांना न्यायाचा बळी दिसतो, त्यांनी एवढेच सांगावे: त्या डिसेंबरात तोफा सुटल्या असत्या, तर व्हिकारियाची दारे किती दिवस उघडी राहिली असती, आणि लोन्केनच्या १५ जणांबद्दल सांतियागोत कोणाला बोलू दिले असते?