एका पत्त्याचें बिऱ्हाड

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनें भारतांत सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें. टेलिफोनच्या तारेस मोडेम जोडून मिळणारें तें संधान संथ होतें; तें चालूं असेपर्यंत घरचा टेलिफोनहि अडकून पडे. परंतु घरांत दुसरा संगणक आला कीं खरी अडचण तारेची नसे, पत्त्याची असे.

इंटरनेटवर यंत्राची ओळख क्रमांकानें पटते. हा क्रमांक ३२ बिटांचा असावा, असें विंट सर्फ यांनीं १९७७ सालीं ठरविलें. त्यांतून सुमारें ४२९ कोटि पत्ते निघतात. जाळ्यांत तेव्हां शेंसव्वाशें यंत्रें होतीं. त्यामुळें हा सांठा द्रौपदीच्या थाळीसारखा वाटला, आणि पुढें वाटपहि तशाच सढळ हातानें झालें. अमेरिकेंतील एकट्या एम.आय.टी. या संस्थेच्या पदरीं १ कोटि ६७ लाखांवर पत्ते पडले. भारतीय घरें या पंगतीस बसलीं, तेव्हां वाढप्यांनीं हात आंखडता घेतला होता.

यावर तोड निघाली ती मे १९९४ मध्यें, एगेव्हांग व फ्रान्सिस यांच्या टिपणांत. जुन्या वाड्यास दिंडीदरवाजा एकच असे. तसा घरास बाहेरचा पत्ता एकच. आंतील यंत्रांस खासगी क्रमांक द्यावे. देवडीवर राउटर बसे. आंतून निघालेल्या निरोपावर तो घरचा पत्ता घाली, कोणी काय धाडलें याची नोंद ठेवी आणि उत्तर आलें कीं ज्याचें त्यास पोंचवी. अशा खासगी क्रमांकांच्या मालिका मार्च १९९४ मध्येंच राखून ठेवण्यांत आल्या होत्या. १९२.१६८ नें आरंभ होणारा एकच क्रमांक म्हणूनच पुण्याच्या घरांत असतो आणि नागपूरच्याहि. दोघांची गांठ कधीं पडत नाहीं.

युक्ति नामी, पण कर्त्यांनींच ती तात्पुरती म्हटली होती. तिची किंमतहि पडली. न बोलावतां आलेल्यास देवडीवरचा आंत सोडीना. त्यामुळें घरांतला मनुष्य जगाचें घेऊं शकला, परंतु आपलें कांहीं जगापुढें मांडावयाचें तर त्यास परक्याच्या संगणकावर जागा घ्यावी लागली. पुष्कळजण या अडवणुकीसच तटबंदी समजतात, हें आणखी नवल!

३ फेब्रुवारी २०११ रोजीं मध्यवर्ती कोठार रितें झालें. १२८ बिटांच्या पत्त्याची योजना डिसेंबर १९९५ मध्येंच प्रसिद्ध झाली होती, आणि भारतांत आतां ती पुष्कळ रुळली आहे. तिच्यांत घरांतील प्रत्येक यंत्रास स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. तरी बहुतेक घरांतील राउटर अनाहूत निरोपास अजून दारांतूनच परत पाठवितो.