सॉसमध्ये काय घातलंय?

2016 सालच्या नोव्हेंबरात आम्ही क्योटोला होतो. लेक तिथं नोकरीला. माझ्याबरोबर माझ्या सासूबाई होत्या. वय सत्याहत्तर, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी न चुकवणाऱ्या. परदेशात आपल्या खाण्याचे हाल होणार हे धरून त्या दशम्या आणि लाडू घेऊनच निघाल्या होत्या. पण चौथ्या दिवशी डबा संपला. लेक कामावर गेलेली. आम्ही दोघी एका लहानशा उपाहारगृहात शिरलो. मी लेकीकडून घोकून घेतलेला एकच जपानी शब्द वापरला, ‘निकु?’ म्हणजे मांस? काउंटरमागच्या गृहस्थांनी हसून मान हलवली. नाही, मुळीच नाही. मग थंड नूडल्स आल्या, शेजारी वाटीत काळसर, पातळ सॉस. नूडल्स त्यात बुडवायच्या आणि खायच्या. सासूबाईंना चव आवडली. म्हणाल्या, ‘‘आमटीसारखं लागतंय गं काहीतरी.’’

रात्री लेकीला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. त्या सॉसमध्ये मासा असतो. तुकडा दिसत नाही, वास जाणवत नाही, पण सॉसचा पायाच माशाच्या पाण्याचा.

त्या गृहस्थांची काहीच चूक नव्हती. ‘निकु’ म्हणजे मांस, मासा नव्हे. मी विचारलं तेवढ्याचं त्यांनी खरं उत्तर दिलं. सासूबाईंनी माळेला हात लावला आणि दुसरा दिवस नुसत्या पाण्यावर काढला. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, ‘‘तू विचारलंस, पण अर्धं विचारलंस.’’

हे वाक्य मला लागलं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, मुलांना ‘प्रश्न नीट विचारा’ असं सांगत आले, आणि स्वतः अशी चुकले. मग मी ठरवलं की आता पूर्ण विचारायचं. या सॉसमध्ये मासा कधी आला, कुठून आला आणि त्याच्याविना हा पदार्थ होतो की नाही? आज तेच आपल्याला सांगणार आहे.

जपानात मांसबंदीचा पहिला मोठा हुकूम निघाला तो 675 साली. बौद्ध धर्माच्या प्रभावाखाली सम्राट तेम्मु यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर वर्षातल्या शेतीच्या महिन्यांपुरती बंदी घातली. या यादीत मासा नाही. बेटांचा देश, चारी बाजूंनी समुद्र. मासा सुटला तो सुटलाच. पुढं शतकानुशतकं मांस या ना त्या प्रकारे निषिद्ध राहिलं. 1872 साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, तेव्हा त्या जुन्या निषेधाचा कणा मोडला. पण मासा या हिशेबात कधी नव्हताच. माझ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आलं, त्याची मुळं इतकी खोल आहेत.

आता त्या सॉसकडे येऊ. त्याचं जपानी नाव त्सुयु. त्याचे दोन भाग. एक ‘काएशी’, म्हणजे सोया सॉस, साखर आणि मिरीन नावाची गोडसर तांदळाची दारू यांचं मिश्रण. दुसरा ‘दाशी’, म्हणजे चवीचं पाणी. हे पाणी बहुधा कात्सुओबुशीचं करतात. कात्सुओ हा कुप्याच्या जातीतला मासा. तो शिजवून, धुरावर धरून, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि रंध्यावर तासावा तसा तासून त्याच्या पापुद्र्यांचा अर्क काढतात. आजचं टोकियो, म्हणजे जुनं एदो, अठराव्या शतकात दहा लाखांच्या घरात गेलं. कामगार, हमाल, कारागीर यांना उभ्या उभ्या पोट भरायला नूडल्स हव्या होत्या. जवळच्या नोदा आणि चोशी या गावांतून होड्यांनी सोया सॉस येत होता. त्या गर्दीच्या शहरात हा मासळीचा त्सुयु पक्का झाला.

म्हणजे त्याआधी वेगळं काही होतं का? होतं. ‘र्योरी मोनोगातारी’ नावाचं 1643 सालचं जपानी पाकशास्त्राचं पुस्तक आहे. त्यात नूडल्ससाठी एक साधं सार सांगितलं आहे. एक माप मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, साडेतीन मापं पाणी. उकळून तीन मापं करायचं आणि आपण चक्का टांगतो तसं पिशवीत घालून थेंब थेंब गाळायचं. सोबा असेल तर त्यात मुळ्याचा रस घालावा, असंही म्हटलं आहे. यात मासा नाही. सोबा म्हणजे बकव्हीटच्या पिठाच्या नूडल्स. बकव्हीट म्हणजे उत्तर भारतात उपासाला चालणारा कुट्टू. हे ऐकल्यावर सासूबाई प्रथमच जरा सैल झाल्या.

त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे, ती ‘शोजिन’ दाशीची, मठातल्या शाकाहारी चवीच्या पाण्याची. कोंबू नावाची समुद्रवनस्पती, वाळवलेला मुळा आणि कांप्यो, यांसारख्या जिनसा एकत्र कराव्यात असं ते सांगतं. कांप्यो म्हणजे काय? दुधी भोपळ्याच्या जातीच्या फळाच्या लांब पट्ट्या काढून वाळवलेल्या. आपल्याकडे सांडगे घालतात, तसा तो वाळवणाचाच प्रकार.

‘शोजिन’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. बौद्ध ग्रंथांचं चिनी भाषांतर करताना संस्कृत ‘वीर्य’ या शब्दासाठी ही दोन अक्षरं योजली गेली. सहा पारमितांपैकी ती एक. अर्थ असा की नेट, उत्साह, कामात न चुकारपणा. म्हणजे जपानी भाषेत शाकाहारी स्वयंपाकाला जे नाव पडलं त्यात ‘वर्ज्य’ असं काही नाहीच. आहे ती मेहनत. मठाच्या या स्वयंपाकात मांस-मासे नसतात, तसे कांदा-लसूणही नसतात. वारकऱ्याच्या घराला हे नवं नाही.

या मेहनतीची एक गोष्ट आहे. दोगेन नावाचा तरुण जपानी भिक्षू 1223 साली धर्म शिकायला चीनला गेला. वय तेविशीचं. आजच्या निंगबो बंदरात त्याचं जहाज लागलं होतं आणि तो अजून जहाजावरच होता. एके दिवशी एक एकसष्ट वर्षांचा भिक्षू जहाजावर आला. जपानी माल घ्यायला आला होता, आणि तो माल म्हणजे अळिंबी. मूळ अक्षराचा अर्थ बहुतेक अभ्यासक वाळवलेली अळिंबी असाच लावतात. तो एका मोठ्या मठाचा मुख्य स्वयंपाकी होता. दुसऱ्या दिवशी पाचव्या महिन्यातल्या पंचमीचा सण. भिक्षूंना नूडल्सचं सार करून घालायचं त्याच्या मनात होतं आणि अळिंबी नव्हती. म्हणून तो पस्तीस ली, म्हणजे पंधरा-वीस किलोमीटर, चालत आला होता आणि तेवढंच परत जाणार होता.

दोगेनला त्याच्याशी बोलायचं होतं. रात्री थांबा, मी जेवू घालतो, असा त्यानं आग्रह केला. म्हातारा म्हणाला, उद्याचं माझ्याविना नीट होणार नाही. मग दोगेननं पोरकट वाटावा असा प्रश्न विचारला. या वयात ध्यान आणि ग्रंथ सोडून स्वयंपाकघरात का राबता? म्हातारा मोठ्यानं हसला. साधना कशाला म्हणतात हे या परदेशी पोराला अजून उमगलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि अंधार पडायच्या आत निघून गेला. दोगेनला हे जन्मभर पुरलं. पुढं तो जपानात एका मोठ्या झेन पंथाचा संस्थापक झाला आणि 1237 साली त्यानं मठातल्या स्वयंपाक्यासाठी एक छोटा ग्रंथ लिहिला, ‘तेन्झो क्योकुन’. तांदूळ कसे निवडावेत, भांडी कुठं ठेवावीत, इथपासून त्यात सांगितलं आहे. ही गोष्ट त्यातलीच.

त्या म्हाताऱ्याच्या मठाचं नाव अयुवांग. चिनी भाषेत अयुवांग म्हणजे राजा अशोक. आपल्या सम्राट अशोकाच्या नावाचा डोंगर, त्यावरचा मठ, त्या मठातला स्वयंपाकी आणि त्याच्या मनातलं बिनमाशाचं नूडल्सचं सार. क्योटोतल्या त्या उपाहारगृहाच्या जवळजवळ आठशे वर्षं आधीची ही गोष्ट. म्हणून कुणी मला म्हणालं, की व्हीगन जपानी नूडल्स म्हणजे हल्लीचं फॅड, तर मी ही तारीख सांगते. ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडात 1944 साली तयार झाला. ते सार त्याच्या सातशे वर्षं आधी कुणाच्या तरी डोक्यात शिजत होतं.

पण त्याला चव कशी येत असेल? याचं उत्तर विसाव्या शतकात मिळालं. तोक्योच्या विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या पाण्याची चव गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी कशात बसत नाही हे हेरलं. 1908 साली त्यांनी कोंबूतून ग्लुटामिक आम्ल वेगळं केलं आणि या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. पुढच्याच वर्षी त्याची पांढरी पूड ‘अजिनोमोटो’ या नावानं बाजारात आली. 1913 साली इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना वाळलेल्या कात्सुओत इनोसिनेट हा दुसरा घटक सापडला. 1957 मध्ये अकिरा कुनिनाका यांनी दाखवलं, की ग्वानिलेट हा तिसरा घटकही उमामी देतो. तो वाळवलेल्या शिताके अळिंबीत भरपूर असतो. ग्लुटामेट आणि यांतला कुठलाही एक घटक एकत्र आले की चव नुसती वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. म्हणजे कोंबू आणि कात्सुओ ही जोडी जे करते, तेच कोंबू आणि अळिंबी ही जोडी करते. मठातल्या आचाऱ्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं. पण माशाच्या जागी काय घालायचं, हे त्यांच्या जिभेनं शोधलं होतं.

त्यानंतर 1958 साली ओसाकाजवळच्या इकेदा गावात मोमोफुकु आंदो यांनी तळून वाळवलेल्या झटपट नूडल्स विकायला काढल्या. आपल्या घराघरांत आलेल्या दोन मिनिटांच्या नूडल्स ही त्याच घराण्यातली धाकटी पाती. झटपट म्हणजे पुडीतला मसाला, अशी आपली समजूत तिथूनच झाली. पण घरचा सॉस बाटलीत तयार असेल तर हाही पदार्थ दहा मिनिटांचाच आहे.

आमच्याकडे मी तो असा करते. तळहाताएवढा कोंबूचा तुकडा ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचा आणि लिटरभर पाण्यात, चार वाळलेल्या शिताके अळिंब्यांसह, रात्रभर भिजत ठेवायचा. सकाळी मंद आचेवर तापवायचं आणि उकळी फुटायच्या आत कोंबू काढायचा, नाहीतर पाणी बुळबुळीत आणि कडसर होतं. अळिंबी पाच-सात मिनिटं उकळू द्यायची, मग गाळायचं. दुसऱ्या पातेल्यात वाटीभर सोया सॉस आणि तीन चमचे साखर, साखर विरघळेपर्यंत गरम करायची. मिरीन दारूच असल्यानं आमच्या घरात ती येत नाही, साखरेनं भागतं. हे मिश्रण बाटलीत भरून फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहतं. चवीचं पाणी मात्र दोन-तीन दिवसांत संपवायचं. खायच्या वेळी एक भाग मिश्रण आणि तीन भाग पाणी. बिनअंड्याच्या गव्हाच्या नूडल्स उकडून थंड पाण्यात चोळून धुवायच्या, वर भाजलेले तीळ, किसलेला मुळा, थोडं आलं. झालं.

2017 च्या उन्हाळ्यात मी हे पहिल्यांदा सातारला केलं. पाच-सहा महिने झाले होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. ‘‘त्यात काय घातलंयस?’’

मी एकेक सांगितलं. सोयाबीन, गहू, मीठ. समुद्रातली वनस्पती. त्यांनी मान डोलावली. ‘‘आणि अळिंबी.’’

‘‘आई, ती वाळवलेली असते...’’

‘‘कुत्र्याची छत्री ती. माझ्या आईनं कधी घरात आणली नाही. मी नाही खाणार.’’

आठशे वर्षांचा इतिहास, अशोकाचा डोंगर, पस्तीस ली चाललेला म्हातारा, सगळं जिभेवर आलं होतं. पण मला आठवलं ते ‘अर्धं विचारलंस’. त्या म्हाताऱ्याला जेवणाऱ्यांसाठी अळिंबी हवी होती, म्हणून तो आणायला निघाला. माझ्या घरच्या जेवणाऱ्याला ती नको होती. मी ते पाणी बाजूला ठेवलं, आमच्यासाठी. 1643 सालची यादी डोळ्यांपुढं आणली आणि त्यांच्यासाठी कोंबू, वाळवलेला मुळा आणि दुधीच्या पट्ट्या उन्हात टाकल्या. कडक ऊन होतं, दोन दिवसांत वाळल्या.

तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा उंबऱ्याशी आल्या. ‘‘आज काय घातलंयस?’’

‘‘दुधी, आई. आणि मुळा.’’

‘‘दुधी?’’ त्या पाटावर बसल्या. ‘‘मग वाढ की.’’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)