आकाशातील नभोवाणी
नेव्हाडाच्या ज्या निर्जल मरुभूमीत अमेरिकन सरकारने १९५१ पासून १९९२ पर्यंत ९२८ अणुस्फोट घडविले, तिच्या सरहद्दीबाहेर दुर्बीण घेऊन तासन्‌तास तिष्ठणारी विमाननिरीक्षकांची एक चिवट जमात आहे. शेजारच्या ग्रूम सरोवराचा गुप्त तळ जेथून दिसे त्या टेकड्या १९९५ साली सरकारजमा झाल्या. आकाशावर मात्र जप्ती बजावता येत नाही!

या मंडळींना विशेष कुतूहल वाटावे असे विमान म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या एअर नॅशनल गार्डचे ‘कमांडो सोलो’. मूळचे ते मालवाहू हर्क्युलिसच. परंतु त्याच्या जुन्या आवृत्तीच्या शेपटीवर दोन्ही अंगांना फुलीच्या आकाराचे आकाशक असत, पंखांखाली प्रचंड पेटारे लोंबत, आणि मध्यम लहरींवरील प्रक्षेपणासाठी ५०० पौंडांचे वजन बांधलेली तार पोटातून खाली सोडली जाई, त्यामुळे त्याची ओळख पटविण्यास फारसा तज्ज्ञ डोळा लागत नसे. शस्त्र म्हणून त्याच्यापाशी केवळ शब्द. १९९१ च्या आखाती युद्धात इराकी सैनिकांना शरणागतीचे आवाहन त्याने आकाशातूनच ऐकविले.

त्याचे अखेरचे प्रसारण २०२२ साली झाले, आणि तेही पेनसिल्व्हेनियातील एका विमानप्रदर्शनात, हौशी प्रेक्षकांसाठी.